साडूने बसवलेली फायरवॉल

माझ्या बायकोला दोन भाषा येतात हे मला लग्नाच्या दिवसापासून माहीत होतं. त्यातून तिला कधी काम मिळेल असं मात्र वाटलं नव्हतं. तिचं माहेर उमरग्याच्या पलीकडे, सीमेला लागून. घरात कानडी, शाळेत मराठी. तुळजापुरात आमच्या घरी आल्यावर तिची कानडी वरच्या मजल्यापुरती उरली. वर आमच्या तीन खोल्या आहेत, त्या आम्ही देवीला येणाऱ्या लोकांना देतो. कलबुर्गीकडची, विजयपूरकडची माणसं आली की ती जिन्यात उभी राहून त्यांच्याशी बोलायची. गरम पाणी कधी मिळेल, रांग कुठवर आलीय, नैवेद्याचं काय. मी हायस्कूलवर भूगोल शिकवतो. कानडी मला निम्मीशिम्मी समजते, बोलता अजिबात येत नाही.

गेल्या हिवाळ्यात तिच्या एका मैत्रिणीने पुण्याच्या एका कंपनीला तिचं नाव सुचवलं. कंपनी शेतकऱ्यांना पिकांचा सल्ला देते. मराठी तज्ज्ञ इकडून बोलणार, कानडी शेतकरी तिकडून, आणि बायकोने घरी कॉम्प्युटरसमोर बसून एकाचं दुसऱ्याला सांगायचं. पहिली बैठक परीक्षेची होती. ती नीट झाली तर काम कायमचं मिळणार होतं. अट एवढीच, की घरच्या कॉम्प्युटरवर अँटिव्हायरस आणि फायरवॉल दोन्ही व्यवस्थित चालू हवेत. बैठकीत शिरण्याआधी कंपनीचा एक छोटा प्रोग्रॅम ते तपासणार आणि पटलं तरच आत सोडणार.

"पाव्हण्यांना बोलवू या," बायको म्हणाली.

पाव्हणं म्हणजे माझा साडू, तिच्या धाकट्या बहिणीचा नवरा. ढोकीच्या बाजूला एका साखर कारखान्यात तो कॉम्प्युटरचं बघतो.

"मी करतो की," मी म्हणालो.

"तुम्हाला येतं?"

तिने हे टोचून म्हटलं नव्हतं. येत असेल तर बरंच, अशा स्वरात विचारलं होतं. पण मला ते लागलं, आणि ते का लागलं हे सांगायचं तर साडूबद्दल सांगावं लागेल.

सासरवाडीला मी थोरला जावई आहे. पहिलं ताट मला वाढतात, टॉवेल-टोपी आधी मला देतात. मानात कधी कुणी कमी केलं नाही. पण ताटं उचलली की सगळं घर त्याच्याभोवती गोळा होतं. तो कानडीत बोलतो, सासऱ्यांची नक्कल सासऱ्यांसमोर करतो आणि सासरे डोळे पुसत हसतात. मी बाजूला चहाचा कप धरून हसल्यासारखं करतो. कुणी माझ्याकडे बघून म्हणतं, "तुम्हाला कळलं का हो, काय म्हणाले ते?" मग मला ते मराठीत सांगतात, आणि मराठीत ते विनोदी राहिलेलं नसतं. इतक्या वर्षांत त्याने माझं काहीच वाईट केलेलं नाही. हे मी स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलं आहे. त्याने काही वाईट केलं असतं तर माझं जरा सोपं झालं असतं.

तर तो रविवारी आला. आल्या आल्या माझ्या खुर्चीत बसला, कारण कॉम्प्युटरसमोर दुसरी खुर्चीच नव्हती. बायको त्याच्या शेजारी स्टूल घेऊन बसली. मी मागे उभा.

"दाजी, हे काय करून ठेवलंय?" त्याची बायको मला दाजी म्हणते म्हणून तोही म्हणतो. "तीन अँटिव्हायरस हायत की इथं, आन तिन्ही मेलेले."

"वेळ होईल तसे टाकले होते."

"मुदत संपलेला अँटिव्हायरस म्हंजी झोपलेला वॉचमन. बसतो गेटवरच, पगार न्हाय म्हणून डोळं उघडत न्हाय."

बायको हसली. त्याने तिन्ही काढून टाकले आणि त्यांच्या कारखान्यात वापरतात तसला एक विकतचा अँटिव्हायरस बसवला. फायरवॉल कॉम्प्युटरची स्वतःचीच होती, ती कधी काळी मीच बंद केली होती, ती त्याने चालू केली. मग बायकोला समजावू लागला. फायरवॉल दारात उभी असते, कोण येतंय कोण जातंय बघते. अँटिव्हायरस घरात फिरतो, आत आलेल्याचं बोचकं उघडून बघतो. दारातला पिशवीच्या तळाशी काय आहे ते बघू शकत नाही आणि आतला दार अडवू शकत नाही, म्हणून दोघं लागतात. पण दारात एकच आणि आत एकच. हे सांगता सांगता तो कधी कानडीत शिरला ते मला कळलं नाही. ती "हौद्री, हौद्री", म्हणजे हो हो, करत होती. मध्येच तिने काहीतरी विचारलं, त्याने उत्तर दिलं, आणि दोघं इतकी हसली की तिने पदर तोंडाला लावला. माझ्यासमोर ती कधी अशी हसल्याचं मला आठवेना. मी आठवायचा प्रयत्न करत मागे उभा राहिलो.

मग त्याने विचारलं, "वायफाय कोण कोण वापरतं?"

"घरचेच," मी म्हणालो.

"आन वरचे?"

"वरचेही वापरतात. जिन्यात पासवर्ड लावलाय."

जिन्यात 'चपला खाली काढाव्यात' अशी पाटी आहे, तिच्याखालीच मी पासवर्ड लिहून लावलेला आहे. उतरलेल्या माणसाने त्यासाठी खाली यावं आणि मागावं हे मला बरं दिसत नाही.

"मग हे घरचं नेटवर्क न्हाय, दाजी. हितं विचारतंय बघा, घरचं का सार्वजनिक. सार्वजनिक म्हणायचं. म्हंजी वरच्यांच्या मोबाइलला तुमचा कॉम्प्युटर दिसायचाच न्हाय."

"अहो, घर माझं आहे."

"घर तुमचं. नेटवर्क गावाचं. रोज नवी माणसं. तुमचं घर म्हंजी एसटी स्टँड हाय, दाजी, फकस्त कंट्रोलरची खिडकी न्हाय."

बायको पुन्हा हसली. त्याने बटण दाबलं. "आयतु," तो म्हणाला, म्हणजे झालं. मग जेवला, भाजीला नावाजलं आणि गेला.

एसटी स्टँड हा शब्द माझ्या मनातून जाईना. आमच्याकडे उतरणारी माणसं म्हणजे गिऱ्हाइकं नव्हेत. पुष्कळ घराणी वर्षानुवर्षं आमच्याकडेच येतात. त्यांच्या बायका आमच्या स्वयंपाकघरात येऊन पुरण वाटतात, आमच्या पातेल्यांच्या जागा त्यांना ठाऊक आहेत. माझ्या वडिलांच्या वेळेपासून हे असं आहे. या सगळ्याला घर म्हणायचं नाही तर काय म्हणायचं? आणि माझं स्वतःचं असं एक काम त्यात होतं. दर्शन झाल्यावर लोक फोटो काढतात. ते वायफायवरून माझ्या कॉम्प्युटरमधल्या एका खुल्या फोल्डरमध्ये टाकायचे, मी त्यातला एक चांगला निवडून मोठा छापायचो आणि निघताना हातात द्यायचो. व्हॉट्सअॅपवरून आलेला फोटो मोठा छापला की पुसट येतो, म्हणून ही सोय. नैवेद्य बायको करते, खोल्या आमच्या मुलीने रंगवल्या, दारातला नळ प्लंबरने बसवला. फोटो मात्र मी द्यायचो. लातूरकडच्या एका घरात म्हणे असे आमचे फोटो भिंतीवर ओळीने लावलेले आहेत.

सार्वजनिक केल्यापासून ते फोल्डर कुणाला दिसेना. शाकंभरी नवरात्राची गर्दी सुरू झाली होती. तेच लातूरकडचं घराणं आलं. त्यांच्यातले म्हातारे आजोबा निघताना दारात घोटाळले.

"गुरुजी, यंदा फोटो न्हाय व्हय?"

"जरा मशिनचं काम चाललंय, आजोबा."

"असू द्या, असू द्या. पुढल्या वर्षी द्या." आणि गाडीत बसले.

मी आत आलो तो थेट कॉम्प्युटरवर. बायको बाजारात गेली होती. मी ते 'सार्वजनिक' काढून 'घरचं' केलं. म्हाताऱ्यासाठी केलं असं तेव्हा मी स्वतःला सांगितलं, आणि त्यात थोडं खरंही होतं. पण ते बटण दाबताना मला आजोबांचा चेहरा दिसत नव्हता. माझ्या खुर्चीत बसलेल्या साडूची पाठ दिसत होती.

तेवढ्यावर मी थांबलो असतो तरी चाललं असतं. पण बदल केल्यावर साडूच्या अँटिव्हायरसने एक चौकट दाखवली, की तुमचं नेटवर्क आता कमी सुरक्षित आहे. मला वाटलं तोच बोलतोय. मग मी दुपारभर बसून इंटरनेटवर शोधलं आणि एक मोठं पॅकेज उतरवून घेतलं. त्यात अँटिव्हायरसही होता आणि फायरवॉलही, दोन्ही एकत्र, वर नाव, चिन्ह, हिरवी ढाल. बसवताना त्याने विचारलं, या कॉम्प्युटरवर आधीच एक संरक्षण आहे, ते आधी काढता का? मी ते वाचलं. नीट वाचलं. आणि 'पुढे' दाबलं. मला साडूचं काढायचं नव्हतं. त्याच्याशेजारी माझं उभं करायचं होतं, त्याच्यापेक्षा मोठं.

संध्याकाळी मी बायकोला म्हणालो, "तुझ्या बैठकीसाठी डबल बंदोबस्त केलाय. आता काळजीच नको."

ती मेथी निवडत होती. "पाव्हण्यांना विचारलं का?"

"प्रत्येक गोष्ट त्यांना विचारायची का?"

"तसं न्हाय. त्यांनी सांगितलं होतं ना, एकच म्हणून." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "बरं. तुम्ही केलंय ना, बरं."

त्या 'बरं'मध्ये काय होतं ते मला तेव्हाच कळायला हवं होतं. पुढचे दोन-तीन दिवस कॉम्प्युटर बैलगाडीसारखा चालला. मी तिला सांगितलं, नवीन आहे, बसेल हळूहळू. फोटो मात्र पुन्हा येऊ लागले. सोलापूरच्या एका कुटुंबाला मी एकाऐवजी दोन फोटो दिले.

बैठक मंगळवारी सकाळी होती. मंगळवार देवीचा, तिन्ही खोल्या भरलेल्या. बायकोने लवकर आवरलं. माहेरची इरकल साडी नेसली, जरी कॅमेऱ्यात खांद्यापर्यंतच दिसणार होती. कानाला हेडफोन लावले. विषय तुरीवरच्या मर रोगाचा होता, आणि ती आठवडाभर त्यातले कानडी शब्द आपल्या बहिणीला फोनवर विचारून पाठ करत होती. तूर म्हणजे तोगरी हे एवढं त्यातलं मलाही पाठ झालं होतं.

ती कंपनीचा तपासणारा प्रोग्रॅम उघडायला गेली तर तो जागेवर नव्हता.

"अहो, इथं होता ना?"

मी पुढे झालो. माझ्या हिरव्या ढालीने तो धोकादायक समजून उचलून बाजूला कोंडून ठेवला होता. मी तो सोडवायला गेलो तर साडूचा अँटिव्हायरस मध्ये आला, की हे काय चाललंय. एकाला हो म्हटलं की दुसरा विचारायचा. मग पडदा गोठला. बाणही हलेना. बंद करून चालू केला, तर सुरू व्हायलाच इतका वेळ लागला की तिने हेडफोन काढून मांडीवर ठेवले. बैठकीला अर्धा तास राहिला होता. वर कुणीतरी जोरात आरती लावली.

ती ओरडली असती तर मी उलट ओरडलो असतो, आणि मग मला बरं वाटलं असतं. तिने आपला मोबाइल उचलला, साडूचा नंबर काढला आणि मोबाइल माझ्यापुढे धरला.

"तुम्ही लावा."

"तूच बोल की. तुला कानडीत पटकन सांगता येईल."

"म्या न्हाय लावणार." घाईत तिची माहेरची बोली येते. "मी लावला तर तुम्हाला महिनाभर झोप यायची न्हाय. मला म्हायती हाय."

तिला माहीत होतं. कधीपासून, ते मी विचारलं नाही. मला वाटत आलं होतं की हे माझ्या आत नीट झाकलेलं आहे आणि मी चांगला, हसरा थोरला जावई आहे. तिने बहुतेक पहिल्याच दिवाळसणाला ओळखलं असेल आणि मग इतकी वर्षं त्याला वळसा घालून चालली असेल. माहेरच्या गप्पा मला थोडक्यात सांगणं, त्याचं कौतुक बहिणीच्या नावाने करणं, हे सगळं आता मला आठवलं.

मी फोन लावला.

मागे ट्रॅक्टरांचा आवाज होता. गाळप जोरात चालू होतं, काट्यावर उसाची रांग असणार. "बोला, दाजी!"

मी सांगितलं. सगळं सांगितलं, 'घरचं' केल्यापासून. मध्ये मध्ये त्याचं "हां" येत होतं. मला वाटलं आता हसेल. तो हसलाच.

"म्हंजी दोघं वॉचमन एकमेकांचीच झडती घेत बसलेत. आन चोर बिचारा ताटकळतोय बाहेर!" मग लगेच त्याचा आवाज बदलला. "किती वेळ हाय ताईंना?"

"पंचवीस मिनिटं असतील."

"होतंय. एक काढा. तुमचं ठेवा न्हायतर माझं ठेवा, कुठलं बी वाईट न्हाय. पण एकच."

त्याने हे माझ्यावर सोडलं. मला त्याने हुकूम करायला हवा होता. 'तुमचं काढा' असं तो म्हणाला असता तर मी ते त्याच्या नावावर लिहिलं असतं. बायको माझ्याकडे बघत नव्हती, हेडफोनची वायर बोटाला गुंडाळत होती. माझं पॅकेज खरोखर मोठं होतं. ते ठेवून त्याचं काढता आलं असतं.

"खरं सांगा," मी म्हणालो, "लवकर कशाने होईल?"

"तुमचं काढलं तर," तो म्हणाला. "माझ्यात कंपनीच्या प्रोग्रॅमला आधीच परवानगी देऊन ठेवलीय. तुमच्यात सगळं पहिल्यापासून करावं लागंल."

मी माझं काढलं. त्या पॅकेजने जाताना पडद्यावर विचारलं, तुम्ही आम्हाला का सोडता आहात? चार-पाच कारणं दिलेली होती. मी कुठलंच निवडलं नाही.

कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू झाल्यावर साडू म्हणाला तसा कंपनीचा प्रोग्रॅम मेलमधून परत उतरवून घेतला. माझ्या पॅकेजने बंद केलेली कॉम्प्युटरची फायरवॉल पुन्हा चालू केली. शेवटी तो म्हणाला, "आन ते नेटवर्कचं—" आणि थांबला.

"करतो सार्वजनिक," मी म्हणालो.

"फोटोचं मी बघतो, दाजी. तुमच्या फोटोला वाट काढता येती. त्या दिवशी तुम्ही बोलला न्हाय, न्हायतर तवाच काढली असती."

त्या दिवशी मी त्याला फोटोंचं सांगितलंच नव्हतं. मला वाटलं होतं, घर माझं आहे एवढं म्हणणं पुरे आहे.

तपासणी झाली, दोन हिरव्या खुणा उमटल्या आणि बायकोने हेडफोन लावले. मी जिन्याने वर गेलो आणि खोल्याखोल्यांतून हात जोडून सांगत फिरलो, की तासभर वायफाय वापरू नका, खाली घरात महत्त्वाचं काम आहे. वरची माणसं भली. एका बाईने आरतीही बंद केली. "ताईंची परीक्षा हाय व्हय?" तिने विचारलं. मी हो म्हणालो.

खाली येऊन मी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसलो. दार लोटलेलं होतं. आतून बायकोचा आवाज येत होता. तज्ज्ञ मराठीत सांगायचे, मुळं उभी चिरून बघा, आत काळी रेघ दिसली की समजा. ती क्षणभर थांबायची आणि मग तिच्या तोंडून तेच कानडीत बाहेर पडायचं, पण तज्ज्ञांपेक्षा कितीतरी ऐटीत. एक शेतकरी काहीतरी बोलला. ती हसली, त्याला काही उत्तर दिलं, तिकडचे सगळे हसले, मग तिने तज्ज्ञांना मराठीत सांगितलं, "ते म्हणताहेत, माझी तूर वाळली तेव्हा शेजाऱ्याची हिरवी होती, मला तुरीपेक्षा त्याचाच त्रास जास्त झाला." तज्ज्ञही हसले. मराठीत ते विनोदी राहिलं होतं. ती सांगत होती म्हणून राहिलं होतं.

मी त्या शेतकऱ्यांवर जळलो. आलुरला की आळंदला की कुठे असतील ते, ज्यांना मी कधी बघणार नाही. तिला ऐकायला त्यांना जिन्यात बसावं लागत नव्हतं.

बैठक ठरल्यापेक्षा लांबली. कंपनीच्या बाईंनी शेवटी तिला थांबवून घेतलं आणि पुढच्या आठवड्यापासूनची वेळ विचारली. बायको बाहेर आली तेव्हा तिच्या कानांवर हेडफोनचे वळ उठले होते. मला म्हणाली, "झालं. घेतलं त्यांनी." आणि लगेच बहिणीला फोन लावला. कानडीचा धबधबा सुरू झाला. त्यात दोनदा 'मनियवरु' आलं. हा शब्द मला पक्का माहीत आहे, घरधनी, म्हणजे मी. मग फोन पलीकडे साडूकडे गेला असावा, कारण तिचा आवाज जरा अदबीचा झाला. ती हसली, "हौद्री" म्हणाली आणि फोन ठेवला.

"माझ्याबद्दल काय सांगत होतीस?"

"काय सांगणार? कॉम्प्युटर अडला होता, यांनी नीट केला म्हटलं."

"मी?"

"काढलं कुणी शेवटी? तुम्हीच ना?" ती स्वयंपाकघराकडे वळली. "बिघडवला कुणी, ते न्हाय सांगितलं तिला."

"आणि पाव्हणं काय म्हणाले?"

"ते म्हणाले, व्हय, दाजींनी बरोबर केलं, मी फकस्त फोन धरून बसलो होतो."

तिने कुकर चढवला. मी दारात उभा राहिलो. तिने मला वाचवलं होतं, त्याने तिला साथ दिली होती, आणि दोघांनी हे एका वाक्यात उरकलं होतं, माझ्यासमोर, माझ्यासाठी. मी त्याच्या जागी असतो तर तसं म्हणालो असतो का? मी असतो तर सासरवाडीच्या पुढच्या जेवणात वॉचमनचा तो विनोद दोन्ही भाषांत सांगितला असता. आजवर मी त्याच्या कानडीवर जळत होतो, त्याच्या कॉम्प्युटरवर, सासऱ्यांच्या हसण्यावर. त्या दुपारी मला पहिल्यांदा त्याच्या चांगुलपणाचा हेवा वाटला, आणि तो आधीच्या सगळ्यांपेक्षा जास्त झोंबला, कारण चांगुलपणा शिकायला मला कुणी अडवलेलं नव्हतं.

"असे का उभे?" बायको म्हणाली. "वर जाऊन सांगा त्यांना, लावा म्हणावं वायफाय."